आधी लिहायचं की आधी खेळायचं

गॅसवर दूध ठेवलं की मला तो पंच आठवतो आणि दूध उतू जातं. स्पर्धा होऊन सहा महिने झाले, ओटा पुसून पुसून माझा हात दुखायला लागलाय. नवरा म्हणतो, "विसर ना आता." विसरले असते. पण भर हॉलमध्ये एखाद्यानं आपल्याला अर्धा नियम सांगावा आणि उरलेला अर्धा स्वतःच्या खिशात ठेवावा, हे विसरायला लागणारं मोठं मन माझ्याकडं नाही. ते माझ्या जावेकडं आहे असं सासूबाई म्हणतात.

मी बुद्धिबळात कशी पडले ते आधी सांगायला हवं, कारण माझ्याकडं बघून कुणालाच ते खरं वाटत नाही. मी पन्नाशी ओलांडलेली बाई. एका सरकारी कार्यालयात आवक-जावक विभागात बसते. गुडघे कुरकुरतात, चष्मे दोन आहेत आणि दोन्ही एका वेळी कधी सापडत नाहीत. बुद्धिबळ खेळायचा तो माझा मुलगा. तो शाळेत असताना रविवार आला की मी त्याला मुकुंदवाडीहून स्कूटीवर घालून कुठल्या तरी शाळेच्या नाहीतर मंगल कार्यालयाच्या हॉलमध्ये सोडायचे आणि बाहेर पायऱ्यांवर बसायचे. पालकांना आत बंदी. बाकीच्या आया दाराच्या फटीतून पोरांना खुणा करायच्या, मी मेथी निवडायचे. डाव संपला की पोरगं बाहेर यायचं आणि हातातला कागद माझ्या पर्समध्ये, मेथीच्या पिशवीशेजारी, कोंबायचं.

तो कागद म्हणजे स्कोअरशीट. स्पर्धेत आपली आणि समोरच्याची प्रत्येक चाल त्यावर लिहावी लागते. डाव संपल्यावर दोघं एकमेकांच्या कागदावर सह्या करतात, वरची पांढरी प्रत पंचांकडं जमा होते आणि खाली उमटलेली पिवळी खेळाडूकडं राहते.

दहावीनंतर मुलानं बुद्धिबळ सोडलं. का म्हणून विचारलं तर म्हणाला, "कंटाळा आला." तेवढ्यावर विषय संपला. आता तो पुण्यात नोकरी करतो. मागं एक पट, एक सोंगटी कमी असलेला मोहऱ्यांचा डबा आणि ड्रॉवरभर पिवळे कागद राहिले. रद्दीत घालायच्या आधी एकदा बघावं म्हणून मी एक कागद उचलला आणि त्यावरच्या चाली पटावर मांडून बघितल्या. मग दुसरा. कणीक मळून झाली की एक डाव, कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत अर्धा डाव. असं करत मी बुद्धिबळ शिकले. माझं सगळं शिक्षण मुलाच्या डावांवर झालेलं, त्यामुळं त्याच्या सगळ्या चुका मला तोंडपाठ आहेत आणि त्या मी मनापासून करते.

त्या कागदांवर एक गोष्ट जागोजागी दिसायची. चाल लिहिलेली, मग खोडलेली, शेजारी दुसरी लिहिलेली. त्याच्या सरांनी पहिल्याच दिवशी पोरांकडून घोकून घेतलं होतं, आधी लिही, मग बघ, मग खेळ. म्हणजे डोक्यात चाल आली की लगेच हात पटावर न्यायचा नाही. कागदावर लिहायची, पेन खाली ठेवायचं, एकदा श्वास घ्यायचा, आणि आपण गाढवपणा तर करत नाही ना एवढं बघून मग सोंगटी उचलायची. मला तर हे फारच आवडलं. आमच्या कार्यालयात दुसरं काय करतो आम्ही? आधी नोंद, मग कागद हलतो. नोंद न करता कागद पुढच्या टेबलावर गेला तर साहेब मेमो काढतात. त्यामुळं पटावर बसले की मला माहेरी आल्यासारखं वाटायचं. लिहिलं, बघितलं, मग घोडा हलवला.

हा नियम कधीचाच बदललाय, आता चाल खेळायच्या आधी लिहायला मनाई आहे, हे त्या सरांना ठाऊक नव्हतं की ठाऊक असून त्यांनी सोडून दिलं होतं, देव जाणे. पोरांच्या छोट्या स्पर्धांत ते कुणी बघत नसे.

तर जिल्ह्याची महिला निवड स्पर्धा निघाली. पहिल्या चौघी जिल्ह्याच्या संघातून राज्य स्पर्धेला जाणार. संघाला पाठीवर जिल्ह्याचं नाव छापलेला टी-शर्ट मिळतो. आता खरं सांगते, मला तो टी-शर्ट हवा होता. आजवर माझी कशासाठीही निवड झालेली नाही. शाळेत खो-खोच्या संघात मला पाणी द्यायला ठेवलं होतं. नोकरीत बढतीची यादी लागते तेव्हा माझ्या नावापाशी ती नेमकी संपते. लग्नातसुद्धा आधी माझ्या चुलत बहिणीला बघायला आले होते. तेव्हा पाठीवर जिल्ह्याचं नाव घालून एकदा तरी बाजारातून चालत जायचं, शक्यतो जावेच्या घरावरून, एवढीच माझी महत्त्वाकांक्षा.

घरी सांगितलं तेव्हा सासूबाई खुलताबादकडच्या आमच्या गावाहून डोळे दाखवायला आल्या होत्या. म्हणाल्या, "पोरीबाळींसंग खेळती व्हय? अन् हारली म्हंजी?"

"हारले तर हारले, आई."

"नाय, हार की. पर गावात नको सांगू. लई हसतेत लोक."

नवरा म्हणाला, "आधी टी-शर्टाचा साइज विचारून घे. पोरींच्या मापाचे असतील."

सासूबाईंचं खरं होतं. एका शाळेच्या हॉलमध्ये स्पर्धा, आणि खेळायला आलेल्या बहुतेक सगळ्या शाळकरी मुली. माझ्या पहिल्या फेरीतल्या प्रतिस्पर्ध्याचे पाय जमिनीला टेकत नव्हते. तिला मी हरवलं. हरवल्यावर तिला रडू आलं आणि मी पर्समधली गोळी काढून दिली. पंचांनी येऊन सांगितलं, "काकू, खेळाडूंना खायला द्यायचं नाही."

पंच माझ्या मुलाच्या वयाचा. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्र. चालायचा असा की वर्गात साहेब तपासणीला आलेत. दुसऱ्या फेरीत मी आपली नेहमीसारखी चाल लिहिली, पेन ठेवलं, श्वास घेतला, आणि वर बघते तर हा माझ्या डोक्याशी उभा.

"काकू, आधी लिहायचं नाही."

"अं?"

"चाल आधी खेळायची, मग लिहायची. आधी लिहिणं म्हणजे नियमभंग. ही ताकीद समजा. पुन्हा दिसलं तर मी समोरच्या खेळाडूला वेळ वाढवून देईन."

हे सगळं तो मला एकटीला सांगू शकला असता. पण अख्ख्या हॉलला ऐकू गेलं. मुलींनी माना वळवल्या. एकीनं तर तोंडावर हात ठेवून शेजारणीकडं बघितलं. सव्वीस वर्षं मी सरकारी नोंदी करतेय, माझ्या नोंदीत आजवर कुणी चूक काढलेली नाही, आणि हा कालचा पोरगा मला भर सभेत सांगतो की लिहिणं चूक आहे! कान तापले माझे. पण नियम तो नियम. मी "बरं" म्हटलं.

लागलेली सवय मोडायची म्हणजे काय हाल असतात ते मला त्या दिवशी कळलं. हात आपोआप पेनाकडं जायचा. शेवटी मी पेन टोपण लावून पर्समध्ये ठेवायला लागले, प्रत्येक चालीनंतर काढायचं, लिहायचं, परत आत. विचार करताना उजवा हात मांडीखाली दाबून बसायचे. समोरच्या मुलीनं मला विचारलं, "काकू, तुमचा हात दुखतोय का?" लिहायच्या निमित्तानं मिळणारा तो श्वास गेला, त्यामुळं एक डाव मी भलतंच काहीतरी खेळून हरले. पण बाकीचे जिंकले. शेवटच्या फेरीआधी यादी लागली तेव्हा हिशेब सरळ होता. मला फक्त अर्धा गुण हवा होता. डाव बरोबरीत सुटला की मी चौथी. हरले की पाचवी.

शेवटच्या फेरीत समोर सातवीतली मुलगी. दोन वेण्या, शेंड्याला गुलाबी पिसं असलेलं पेन. चाल लिहिली की ती पिसं गालावरून फिरवायची. खेळायला मात्र जहाल. बघता बघता तिनं माझा एक हत्ती फुकट खाल्ला. पण मग माझा वजीर तिच्या राजाच्या मागं लागला. मी शह द्यायचा, तिनं राजा बाजूला घ्यायचा. मी दुसरीकडून शह द्यायचा, तिनं राजा परत आणायचा. पुन्हा शह, पुन्हा बाजूला. मी मनात शह मोजायला लागले. कारण पटावर तीच मांडणी तीन वेळा आली की डाव बरोबरीत सोडवता येतो. पण तो आपोआप सुटत नाही, खेळाडूनं मागावा लागतो. मुलाच्या पिवळ्या कागदांवर असे दोन डाव होते.

कागदावर बोट ठेवून बघितलं. दोनदा झालं होतं. आता मी शह दिला की तिसऱ्यांदा. टी-शर्ट मला दिसायला लागला. निळा असेल तर बरं, लाल मला शोभत नाही.

पर्समधून पेन काढलं. टोपण उघडलं. ही एवढी महत्त्वाची चाल आधी लिहून घ्यावी, एकदा बघावी, असं वाटलं आणि निब कागदाला टेकणार तेवढ्यात सकाळची ताकीद आठवली. चटका बसल्यासारखं पेन खाली ठेवलं. आधी खेळायचं. वजीर उचलला, शह दिला, घड्याळ दाबलं, चाल लिहिली आणि हात वर केला.

पंच आला.

"ड्रॉ हवाय मला. तीच मांडणी तिसऱ्यांदा आली."

त्यानं पट बघितला. घड्याळ बघितलं. "चाल खेळून झाली?"

"हो."

"घड्याळ दाबलंत?"

"हो, दाबलं की."

"मग आता नाही मागता येणार. आता तिची पाळी आहे. ड्रॉ मागायचा तर चाल खेळायच्या आधी मागायचा. चाल कागदावर लिहायची, पटावर सोंगटीला हात लावायचा नाही, घड्याळ थांबवायचं आणि मला बोलवायचं."

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही. "लिहायची? खेळायच्या आधी?"

"हो."

"सकाळी तुम्हीच सांगितलं, आधी लिहायचं नाही म्हणून. ताकीद दिली मला."

"ते एरवी. ड्रॉ मागताना अपवाद आहे."

"मग सकाळी अपवाद का नाही सांगितला?"

"काकू," तो म्हणाला, अगदी शांतपणे, "तुम्ही विचारलं नाही."

अहो, जी गोष्ट आहे हेच मला ठाऊक नाही ती मी विचारू कशी? तुम्हाला दम द्यायला तोंड होतं, पुढचं सांगायला नव्हतं? हे सगळं मी त्याला म्हणाले. मोठ्यानं म्हणाले. बाकीचे डाव चालू आहेत, शांतता पाळा, हा बोर्ड माझ्या डोक्यावरच लटकत होता, तरी म्हणाले. तो मला नियमाचा क्रमांक सांगत राहिला, मी त्याला माझी सव्वीस वर्षांची नोकरी सांगत राहिले. एकमेकांशी काही संबंध नाही, पण दोघंही थांबेनात.

आणि या सगळ्या वेळात घड्याळं बंद होती आणि ती सातवीतली मुलगी गालावरून पिसं फिरवत पट बघत होती.

घड्याळ पुन्हा सुरू झालं. तिनं राजा नेहमीच्या घरात न नेता तिरपा पुढं आणला, सरळ माझ्या प्याद्यांच्या तोंडाशी. तिकडं राजा जाऊ शकतो हे इतका वेळ ना तिला दिसलं होतं ना मला. मी भांडत असताना तिला दिसलं. तिथं माझे शह संपले. तिचा जादाचा हत्ती होताच. पुढं काय झालं ते मी पिवळ्या कागदावर लिहिलंय, पण इथं लिहीत नाही.

डाव संपला. तिनं हात पुढं केला, मी मिळवला. तिनं तिच्या कागदावर सही केली, माझ्या कागदावर केली, आणि दोन्ही माझ्यापुढं सरकवले. मी हाताची घडी घातली.

"काकू, सही."

"नाही करत."

पंच आला. "सही न केल्यानं निकाल बदलत नाही, काकू."

"मग तुम्हाला कशाला हवी?"

तो पलीकडच्या पटाकडं गेला. मुलगी खुर्चीवर एक पाय दुमडून बसून राहिली. खिडकीबाहेर तिची आई खुणेनं विचारत होती. मला त्या मुलीचाही राग येत होता, खोटं कशाला बोलू. तिच्या पिसांचा, तिच्या वेण्यांचा, तिच्या त्या तिरप्या राजाचा.

मग ती हळूच म्हणाली, "काकू, मला पण नव्हतं माहीत."

"काय?"

"ते, आधी लिहायचं ते. मला वाटायचं तीनदा झालं की सर स्वतःच येऊन सांगतात. मागच्या वेळी माझं पण असंच झालं होतं. मी मागितलंच नाही. मग हारले."

"तुझ्या सरांना विचारलं नाहीस?"

"पप्पा रागावले ना. मग कशाला विचारते."

मी सही केली. इतकी दाबून केली की पांढऱ्या कागदाला भोक पडलं आणि पिवळ्यावर माझ्या नावाच्या जागी नुसता फाटका खड्डा उमटला. मुलगी म्हणाली, "थँक्यू काकू," आणि पळाली.

बाहेर नवरा पायऱ्यांवर बसला होता. त्या दिवशी नेमकं नळाला पाणी आलं होतं. आमच्याकडं पाणी येणं म्हणजे लग्नघर असतं, तेव्हा बिचारा टाकी भरून, भिजलेल्या पँटीनं तसाच आला होता. पण माझ्याकडं त्या वेळी बिचारा म्हणायला जागा नव्हती.

"काय झालं?"

"पाचवी."

"अरे वा! पाचवी म्हणजे छानच की."

मी सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "'तुम्ही विचारलं नाही' हे तर तुमच्या कार्यालयातलं वाक्य आहे."

"आमच्या खिडकीवर फळा आहे. सगळी कागदपत्रं त्यावर लिहिलेली आहेत."

"फळ्यापुढं कपाट आहे."

"कपाट नंतर आलं," मी म्हणाले आणि घरी जाईपर्यंत त्याच्याशी बोलायचं नाही असं ठरवलं.

पण घरी जाता येईना, बक्षीस समारंभ होता. पाहुणे उशिरा आले. नारीशक्तीवर बोलले. चौघींना पुढं बोलावून टी-शर्ट दिले, निळेच होते. गुलाबी पिसांवाली पहिली आली. तिनं टी-शर्ट अंगाला लावून बघितला तर गुडघ्यापर्यंत, म्हणजे साइज माझाच होता. मला सहभागाचं प्रमाणपत्र मिळालं.

आणि मग आयोजकांना सुचलं की खेळाडूंपैकी कुणीतरी मनोगत व्यक्त करावं. मुली एकमेकींच्या मागं लपायला लागल्या. आयोजक म्हणाले, "काकूंना बोलवा. आपल्या सर्वात ज्येष्ठ खेळाडू! या वयातही केवढी जिद्द!" टाळ्या. नवऱ्यानं माझ्या ओढणीचं टोक धरलं. त्याला मी ओळखते आणि तो मला. मी टोक सोडवून घेतलं.

माइक हातात आला. सगळ्यांना काय ऐकायचं होतं ते मला कळत होतं. वय हा फक्त आकडा आहे, हरणं-जिंकणं महत्त्वाचं नाही, वगैरे. माझ्यासाठी हरणं-जिंकणं फार महत्त्वाचं होतं.

"मुलींनो," मी म्हणाले, "तीच मांडणी तिसऱ्यांदा येणार असली आणि तुम्हाला ड्रॉ हवा असला, तर काय करायचं, कुणाला माहितीये?"

कुणी हात वर केला नाही. एकही नाही. जिल्ह्याच्या संघात निवडलेल्या चौघीसुद्धा नव्या टी-शर्टांच्या घड्या छातीशी धरून एकमेकींकडं बघत होत्या. पाहुण्यांनी घड्याळ बघितलं.

"चाल खेळायची नाही. कागदावर लिहायची. फक्त तेव्हाच आधी लिहायची, एरवी नाही. एरवी लिहिलीत तर हे सर तुम्हाला ताकीद देतात. घड्याळ थांबवायचं आणि सरांना हाक मारायची."

मागच्या रांगेतून, जिचे पाय जमिनीला टेकत नव्हते तिनंच विचारलं, "काकू, पण लिहिल्यावर ती चाल बदलता येते का?"

हे मला ठाऊक नव्हतं. सगळ्यांसमोर उभी, हातात माइक, आणि मला ठाऊक नव्हतं. मी पंचाकडं वळले. तो पाहुण्यांच्या खुर्चीमागं नारळाची पिशवी सांभाळत उभा होता.

"सांगा," मी म्हणाले.

"काकू, आपण हे नंतर..."

"तिनं विचारलंय ना आता. सांगा."

तो पुढं आला. माइक माझ्या हातात, त्यामुळं त्याला वाकून बोलावं लागलं. "नाही. ड्रॉ मागताना लिहिलेली चाल बदलता येत नाही."

"आणि ड्रॉ नामंजूर झाला तर?"

"तर तीच चाल खेळावी लागते."

"आणि?"

"आणि समोरच्याला वाढीव वेळ मिळतो."

"अजून काही राहिलंय?"

त्यानं माझ्याकडं बघितलं. इस्त्रीच्या शर्टाच्या कॉलरपाशी घाम आला होता. मग त्यानं माइक माझ्याकडून मागून घेतला आणि पहिल्यापासून सुरुवात केली. कधी लिहायचं, कधी नाही, वेळ कमी उरला तर लिहिणं कधी सोडायचं, सोडलेल्या चाली नंतर कशा भरायच्या. आयोजक मला हातानं खुणावत होते, काकू, बसा, बसा, खुर्ची आहे.

त्याचं सगळं सांगून होईपर्यंत मी बसले नाही.